कोल्हापूर आणि बेळगाव विमानतळात अंतर किती? सकाळी 11 ला कोल्हापूरला उतरून बेळगावची दुपारी 3 ची फ्लाईट मिळेल का?

रस्त्यानं 110 ते 115 किलोमीटर धरा. सरळ रेषेत 95 च्या आसपास आहे पण त्याचा तुम्हाला काय उपयोग नाही, गाडीनंच जायचंय.

वेळेचं मात्र नीट सांगतो, कारण मोबाईलचा मॅप दाखवतो त्या "दोन तास"वरून एका पार्टीनं माझं निम्मं भाडं बुडवलंय. मी बेळगावचा, टूरिस्ट गाडी चालवतो. पावसाळ्यात उजळाईवाडीला, म्हणजे कोल्हापूर विमानतळावर, सीट (प्रवासी) सोडून रिकामा परत निघालो होतो, तेवढ्यात एक नवराबायको आले, त्यांचं विमान कॅन्सल झालेलं आणि बेळगावहून दुसरं मिळालेलं. मी म्हटलं साहेब आत्ता बसा, थेट सांबऱ्याला, बेळगाव विमानतळावर सोडतो. तर हे म्हणाले आधी कोल्हापुरात राजारामपुरीत पाहुण्यांकडं जेवून जाऊ, मोबाईल दोन तास दाखवतोय, भरपूर वेळ आहे. दोनदा सांगितलं, ऐकलं नाही. जेवण, मग चहा, मग निरोप. कागल ओलांडल्यावर सहापदरीच्या कामामुळं डायव्हर्जन, तवंदी घाटात पाऊस आणि ट्रकची लाईन, तिथं माणसं मागं बसवून मी ओव्हरटेक मारत नाही, कुणीही सांगू दे. पोचलो तेव्हा विमान उभंच होतं, काउंटर बंद. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले गाडी हळू चालवलीस. इतकी वर्षं या रस्त्यावर आहे, एका सीटला ओरखडा नाही, आणि मला हे ऐकून घ्यायचं?

तो दोन तासाचा आकडा रस्ता मोकळा असेल त्या घटकेचा असतो, त्यात टोलची लाईन नाही, सामान उतरवणं नाही. बॅग टाकायचं काउंटर साधारण तासभर आधी बंद होतं, म्हणजे तुमची 3 ची फ्लाईट खरंतर 2 ची समजा. शिवाय सांबरा म्हणजे बेळगाव शहर नव्हे, हायवे सोडून निलजी, मुतगे करत अजून दहाएक किलोमीटर जायचं. बेळगाव आलं म्हणून लोक मागं निवांत टेकून बसतात, तिथंच अर्धा तास जातो. मी पार्टीला तीन तास सांगतो आणि तीनच सांगणार. ज्याला दोन पाहिजेत त्यानं दुसरी गाडी बघावी.

आणि कोल्हापूरची पहिली फ्लाईट लेट झाली तर? दोन वेगळी तिकिटं असतील तर दुसरी कंपनी तुमच्यासाठी थांबत नाही, पैसेही देत नाही. याला कनेक्टिंग म्हणूच नये. थेट बेळगावला येणारं विमान मिळत असेल तर दोन पैसे जास्त द्या.

हां, थंडी-उन्हाळ्यात सकाळी लवकर निघालात तर सव्वादोन तासात मीही पोचवलंय, नाही म्हणत नाही. पण जुलै-ऑगस्टमध्ये निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगा नदीचं पाणी हायवेवर येतं, 2019 ला आणि 2021 ला रस्ता बंदच होता, तेव्हा तीन काय अन् पाच काय. तुम्ही महिना लिहिलेला नाही, तो आधी सांगा.

गाडी महाराष्ट्र पासिंगची करणार असाल तर ऑल इंडिया परमिट आहे का तेही विचारून घ्या, नाहीतर कोगनोळीला बॉर्डर टॅक्सवरून थांबाल. आणि भाडं बसायच्या आधी ठरवा, पाहुण्यांकडं थांबायचं असेल तर वेटिंगसकट.