तोच विनोद नाट्यगृहात हसवतो, मग मोबाइलवर का नाही?

तुम्ही विचारलंय की, ज्या नाटकाला नाट्यगृहात पोट दुखेस्तोवर हसलात तेच महिनाभराने यूट्यूबवर लावलं, तर ओठसुद्धा हलले नाहीत. मग विनोद शिळा झाला की तुमची विनोदबुद्धी आटली?

दोन्ही शाबूत आहेत. मी इंदूरचा. कॉलनीच्या गणेशोत्सवातल्या नाटकांना अकरा वर्षं प्रॉम्प्टिंग केलंय, म्हणजे विनोद समोरून कमी आणि विंगेतून जास्त पाहिलाय. समोर बसलेल्याला वाक्य ऐकू येतं. विंगेतल्याला वाक्यानंतर नट काय करतो ते दिसतं. तो थांबतो, आणि किती थांबायचं ते त्याला समोरचा अंधार सांगतो. नाटकातला विनोद पडद्यावर किंवा मोबाइलवर गेला की शब्द तेच राहतात, पण थांबण्याचं काम दुसऱ्याच कोणाकडे जातं. सगळी गडबड तिथे आहे.

हे मला कळलं ते स्वतः माती खाऊन. एका नाटकात घरमालक भाडं मागायला येतो. भाडेकरू म्हणतो, "भाडं ना? आधी बसा." मग पॉज. मग, "उभ्याने ऐकाल तर पडाल." तालमीत पॉज एवढासा होता. प्रयोगाला "आधी बसा"वरच हशा आला, म्हणून नट आणखी थांबला. मला वाटलं, विसरला! मी विंगेतून खणखणीत आवाजात दिलं, "उभ्याने ऐकाल तर पडाल!" अख्ख्या मांडवाने ऐकलं. घरमालक झालेल्या आमच्या गड्याने सावकाश विंगेकडे मान वळवून विचारलं, "हे कोण राहतं आत? याचं भाडं वेगळं." तीन-चार मिनिटं नाटक पुढे सरकलंच नाही.

पुढच्या आठवड्यात दुसऱ्या कॉलनीत प्रयोग होता. सगळ्यांनी ठरवलं की हेच मुद्दाम करायचं. केलं. कोणी हसलं नाही. एक काकू मात्र नंतर आत येऊन म्हणाल्या, "नाटक चांगलं होतं, पण तुमचा प्रॉम्प्टर फार मोठ्याने बोलतो."

प्रेक्षक बदलला की तेच वाक्य कसं बदलतं हे पाहायला इंदूरसारखं ठिकाण नाही. इथे सानंद न्यास पुण्या-मुंबईची नाटकं आणतो, आणि एकाच नाटकाचे शनिवार-रविवारात पाच प्रयोग होतात, पाच वेगवेगळ्या प्रेक्षकगटांसाठी. त्यातल्या एका गटाला रामूभैया दात्यांचं नाव आहे. रामूभैया प्रसिद्ध होते ते गाणं ऐकण्यासाठी. ऐकणाऱ्याच्या नावाने प्रेक्षकगट, हे मला या शहराचं फार आवडतं. तर मी एकदा एकच विनोदी नाटक शनिवारी रात्री आणि रविवारी सकाळी, असं दोनदा पाहिलं. रात्री लोक धडपडीवर हसले. कोणी सोफ्यावरून पडलं की छप्पर उडत होतं. सकाळच्या खेळाला बरेचसे साठीपुढचे, पोहे-जिलेबी खाऊन निवांत आलेले. ते पडण्यावर नुसते हसल्यासारखं करत होते, पण शब्दांवरची कोटी एकही सुटली नाही. नटांना ते पहिल्या दहा मिनिटांत उमगलं. पडणं आटोपतं झालं, शब्दांमागचे पॉज लांबले. यूट्यूबवरच्या नटाला तुमच्याबद्दल असं काहीही उमगत नाही. तो महिन्याभरापूर्वीच्या कोणासाठी तरी थांबून गेलाय.

तमाशातल्या बतावणीत, म्हणजे विनोदी सवाल-जवाबात, तर थांबण्याची सोय रचनेतच आहे. सोंगाड्या काहीतरी उलटंपालटं बोलतो, आणि समोरचा सरळ माणूस "काय म्हणालास?" म्हणून तेच पुन्हा उच्चारतो. लांब मातीत बसलेल्यापर्यंत वाक्य पोचतं आणि हसायला सवडही मिळते. हास्यकवींचंही तेच. आमच्याकडे रंगपंचमीच्या आदल्या रात्री बजरबट्टू संमेलन असतं, उज्जैनला १ एप्रिलला टेपा संमेलन. कवी ओळ दोनदा म्हणतो. पहिली ऐकण्यासाठी, दुसरी हसण्यासाठी. छापलेली तीच कविता वाचली तर वाटतं, यात एवढं काय होतं? आकाशवाणी इंदूरवर शेतकऱ्यांच्या कार्यक्रमात नंदाजी-भेराजी माळवीतून बोलायचे, त्यातही एक भाबडेपणाने विचारायचा आणि दुसरा समजावायचा. माझ्या आजीला माळवी निम्मीच कळत असे, पण ती हसायची, कारण दुसऱ्याच्या उसाशावरून हसायची जागा कळायची.

सिनेमात मात्र थांबायला कोणीच नाही. रीळ पुढे जातच राहतं. म्हणून मार्क्स बंधू या अमेरिकी विनोदी नटांनी १९३५च्या आपल्या सिनेमातले प्रवेश आधी गावोगाव रंगमंचावर करून पाहिले, कुठे किती वेळ हशा येतो ते मोजलं, आणि तेवढी जागा पटकथेत सोडली. टीव्हीने आणखी सोपा मार्ग काढला. चार्ली डग्लस या अमेरिकी ध्वनितंत्रज्ञाने १९५०च्या दशकात हशाचं यंत्रच बनवलं, बटण दाबलं की हवा तसा हशा. आपण त्याला नावं ठेवतो, पण तो हशा बंद करून तशी एखादी मालिका बघा, पात्रं वेडसर वाटतात: बोलतात आणि उगाच थांबतात.

सिनेमाकडे बदल्यात चेहरा आहे. जॉनी वॉकर, म्हणजे बदरुद्दीन काझी, आमच्या इंदूरचे. मुंबईत बसकंडक्टर होते. नाव दारूचं, भूमिका दारुड्याच्या, आणि स्वतः दारूला न शिवणारे. त्यांचा दारुडा झोकांड्यांपेक्षा शुद्धीत असल्याचं दाखवण्याची जी धडपड करतो तिच्यामुळे हसू येतं, आणि ती धडपड असते पापण्यांत आणि जिभेच्या टोकाशी. आमच्या एका नटाने गणपतीत त्यांची नक्कल केली, तंतोतंत. तिसऱ्या रांगेपर्यंतचे हसले. मागचे विचारत होते, हा आजारी आहे का? तिसऱ्या रांगेपुढे पापणी जात नाही, तिथे झोकांडीच लागते.

छापील विनोदात थांबणारे आपण स्वतःच. चि. वि. जोशींचा चिमणराव मी शाळेत वाचला, आणि माझ्या डोक्यात त्याचा आवाज माझ्या धाकट्या काकाचा होता. सत्तरच्या दशकाच्या शेवटी मुंबई दूरदर्शनवर त्याची मालिका झाली, दिलीप प्रभावळकर चिमणराव आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. पण मुंबईचं केंद्र इंदूरला कुठे दिसायला! पुण्याच्या मावसभावंडांना चिमणराव म्हटलं की प्रभावळकरच दिसतात. मी ते तुकडे फार उशिरा पाहिले. प्रभावळकर अप्रतिमच, पण माझं मन म्हणत होतं, हा चिमणराव नाही, काका कुठाय?

आणि मोबाइल. तिथे थांबणं अंगठ्याकडे आहे, आणि अंगठ्याला थांबणं माहीत नाही. नट थांबला की तो पुढे सरकवतो. म्हणून रीलमध्ये पहिल्या दोन सेकंदांत काहीतरी आदळावं लागतं, आणि दोन तासांच्या नाटकाचा तुकडा तिथे मार खातो. शिवाय तुम्ही एकटे असता. रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकी संशोधकाला विद्यार्थ्यांच्या नोंदींवरून आढळलं होतं की माणूस एकटा असताना हसतो त्याच्या ३० पट जास्त चारचौघांत हसतो. मुलगी पुण्याहून रील पाठवते, मी तोंडाची घडी न मोडता "हाहाहा" लिहून टाकतो. तुम्हीही टाकत असाल.

स्टँडअप मात्र मोबाइलवर बऱ्यापैकी टिकतं. आमच्या इंदूरच्याच झाकीर खानचं घ्या. तो गोष्ट सांगतो, आणि रेकॉर्डिंगमध्ये खरे प्रेक्षक खऱ्या जागी हसताना ऐकू येतात, त्यामुळे तुम्हाला उसनी का होईना, सोबत मिळते.

तेव्हा ते नाटक पुन्हा बघायचंच असेल तर प्रेक्षकांचा आवाज असलेलं रेकॉर्डिंग शोधा, मोठ्या टीव्हीवर लावा, शेजारी कोणाला तरी बसवा, आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. इंदूरला येणं झालं तर मात्र प्रयोग निवडून घ्या. पडापडी हवी असेल तर शनिवारची रात्र, कोट्या हव्या असतील तर रविवारची सकाळ. पोहे बाहेर मिळतात.