उडद्याला पाय सहा ठेवू की चार?

प्रश्न : ताई, मी पिंपळगाव बसवंतचा, नाशिकला अॅनिमेशन शिकतोय, शेवटच्या वर्षाला दोन मिनिटांची फिल्म करायचीय. घरची द्राक्षबाग आहे म्हणून हिरो घेतला वेलीचे कोवळे कोंब कुरतडणारा उडद्या भुंगेरा. पहिलं डिझाइन फोटो झूम करून केलं, सहा पाय, केस, जबडा सगळं जसंच्या तसं, तर वर्गातल्या पोरी ईऽऽ करून मागे सरकल्या. दुसरं केलं दोन हात, दोन पाय, गोल चेहरा, मोठे डोळे, तर सर म्हणतात हा किडा कुठंय, हा तर मिशा लावलेला माणूस. वडलांचं तिसरंच, फवारणीचे पैसे मी भरतो आणि तू त्याला गोड दाखव म्हणतात. दोन्ही चित्रं पाठवतोय, काय करू?

उत्तर : दोन्ही नीट बघितली. पहिल्यात एक गोष्ट चुकलीय आणि ती पायांची नाहीये. तू उडद्या काढलाच नाहीस रे, तू मॅक्रो लेन्स काढलीस. हा किडा चार-साडेचार मिलीमीटरचा, तुझे वडील तो रोज बघतात, त्यांना त्याचे केस दिसतात का? त्यांना दिसतो काडीवर बसलेला तांबूस चकाकणारा मणी. तो मणी काढ ना. तो खराही आहे आणि देखणाही आहे, म्हणजे ज्याला तू गोड करायला निघालास तो आधीच बघत राहावा असा आहे, फक्त तू फार जवळ गेलास.

आता पाय. १९९८ला दोन महिन्यांच्या आत मुंग्यांच्या दोन मोठ्या फिल्म आल्या. अँट्झमधल्या मुंग्यांना हातपाय मिळून सहा ठेवले, अ बग्ज लाइफमधल्या मुंग्यांना चारच, आणि त्याच दुसऱ्या फिल्ममधे मुंग्यांना छळणारे टोळ मात्र सहावाले! म्हणजे एकाच पिक्चरमधे पाय कमी केले की तो आपला वाटतो, पूर्ण ठेवले की परका वाटतो, हे त्यांनी वापरून घेतलं. माझं मत विचारशील तर पाय कमी करणं हे पाप नाही, पण कुणी ई म्हणालं म्हणून घाबरून कमी करू नकोस. आधी ठरव की तुझ्या फिल्ममधे उडद्या कुणाच्या नजरेतून दिसतो. वडलांच्या नजरेतून असेल तर सहाच हवेत.

सर जे म्हणाले ते पिनोकिओतल्या रातकिड्याबद्दल कधीचंच बोललं गेलंय, १९४०ची फिल्म, डिस्नेच्या वॉर्ड किंबॉल या अॅनिमेटरने तो काढता काढता किडेपण इतकं कमी केलं की शेवटी त्याला रातकिडा म्हणतात म्हणून तो रातकिडा, असं किंबॉल स्वतःच सांगायचा. तिथं ते चालून गेलं कारण तिथं तो एका मुलाचं सदसद्विवेक आहे, त्याला कुठं पीक खायचंय. तुझी गोष्ट बागेतली आहे, त्यातलं किडेपण गेलं तर उरतं काय?

आणि माणसाला ई कशाने होतं ते माझ्या अनुभवातून सांगते. पायांच्या संख्येने नाही होत, बारीक बारीक खूप गोष्टी आपापल्या वळवळत असल्या की होतं. तू सहाही पाय वेगवेगळे हलवलेस की तिथंच गडबड झाली समज. किडा चालताना साधारण तीन-तीनचे दोन गट करतो, एका बाजूचा पुढचा आणि मागचा पाय आणि दुसऱ्या बाजूचा मधला हे तिन्ही टेकलेले, बाकीचे तीन पुढे जाणार, मग उलट. म्हणजे तुला सहा पाय नाही, दोन तिवया हलवायच्यात. एवढं केलंस की चालीला ताल येतो आणि वळवळ जाते, करून बघ आणि मग त्याच पोरींना परत दाखव.

कडक पंख रबरासारखे दाबू-ताणू नकोस, ते कवच आहे, त्याचा टणकपणा दिसला पाहिजे, ताण घ्यायचाच तर पोटाच्या वळ्यांमधे घे. भुवया नको देऊस, मिशा आहेत की त्याला, राग भीती कुतूहल सगळं त्या दोन मिशांवर निघतं. आणि ऑक्टोबर छाटणीनंतर डोळे फुटायला लागले की सकाळी बागेत जाऊन बस, मोबाईल खिशात ठेव आणि नुसतं बघ. वेल हलवला की तो टपकन खाली पडतो, जुने लोक खाली ट्रे धरून असेच गोळा करायचे, ते पडणं मला तुझ्या फिल्ममधे पाहिजे! त्याच्यापेक्षा चांगली अॅक्टिंग तू घरी बसून नाही सुचवू शकणार.

चेहऱ्याशिवाय जीव येत नाही असं वाटत असेल तर किड्यांच्या फिल्म करणारा जुना दिग्दर्शक स्टारेविच बघ. १९१०च्या सुमारास त्याला शिंगवाल्या भुंग्यांची झुंज शूट करायची होती, जिवंत भुंगे दिव्यांखाली गपगार व्हायचे, मग त्याने मेलेल्या भुंग्यांना तारेचे पाय मेणाने चिकटवून एक एक फ्रेम हलवली, आणि काही लोकांना वाटलं की याने भुंगे शिकवून तयार केलेत. डोळे मोठे नाहीत, गाल नाहीत, काही नाही. आपल्या त्र्यंबकच्या फाळक्यांनी तर १९१५मधे आगकाड्या नाचवल्या होत्या, आगकाडीला कुठला आलाय चेहरा.

वडलांना सांग की गोड दाखवणं वेगळं आणि बघावासा दाखवणं वेगळं. डिस्नेचे अॅनिमेटर फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी १९८१मधे अॅनिमेशनची १२ तत्त्वं पुस्तकात मांडली त्यात अपील, म्हणजे पात्र बघत राहावंसं वाटणं, हे एक आहे आणि ते खलनायकालाही लागतं. कुरतडलेला कोंब एका शॉटमधे पूर्ण, अगदी जवळून दाखव, लपवू नकोस. ते बघून वडील तुझ्याशी बोलायला लागतील असं मला वाटतं.

प्रश्न : मी सिन्नरला प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. दुसरीच्या मुलांसाठी मुंगीदादाची छोटी छोटी कार्टून बनवते. सोबतच्या बाई म्हणतात पाय पोटातून निघालेत हे चूक आहे. मुलांना आवडतंय तर एवढं बघावं का?

उत्तर : बघावं मॅडम, कारण यात आवडण्याचं काहीच कमी होत नाही. सहाचे चार केले तर निदान काहीतरी मिळतं, मुंगी उभी राहते, हातात साखरेचा दाणा धरते. पाय पोटाऐवजी छातीतून काढले तर तुमचं काय जातं? किड्याचे सगळे पाय छातीलाच असतात, पंखही तिथूनच, आणि खरं सांगते तसे काढले की पोट मोकळं राहतं आणि चित्र जास्त छान दिसतं. आणि दादा नको, ताई करा. दाणे वाहणारी कामकरी मुंगी मादीच असते, नराला पंख असतात आणि तो थोडेच दिवस जगतो. मधमाशीचंही तेच, मध गोळा करणारी आणि डंख मारणारी दोन्ही मादी, नराला नांगीच नसते. दुसरीतल्या मुलीला मुंगीताई भेटली तर तिला किती बरं वाटेल!

प्रश्न : नाशिकरोडहून लिहितोय. किड्यांना बुबुळ नसतं, मग डोळ्यात काळा ठिपका दिला तर ते खोटं ना?

उत्तर : खोटं आहे पण मी देते. नजर कुठंय हे कळलं नाही तर प्रेक्षक पात्राच्या मागे जात नाही. अडचण वाटत असेल तर खंडोबाचा किडा, म्हणजे पुढचे पाय जोडून बसणारा मॅन्टिस, घ्या ना, त्याच्या डोळ्यात खरोखरच एक काळा ठिपका दिसतो, आपण सरकलो की तोही सरकतो, तो आपल्याकडेच बघतोय असं वाटतं, शिवाय तो मान वळवतो. पापण्या मात्र कुणालाच नसतात, उघडझाप टाळून डोकं किंवा मिशा हलवा. आणि रातकिडा करणार असाल तर त्याचे कान पुढच्या पायांवर असतात, गुडघ्याच्या खाली, तेव्हा तो कान देऊन ऐकतोय असा शॉट असेल तर त्याला एक पाय उचलायला लावा.