विहिरीतला हिरवा दगड आणि तांब्याची खाण

प्रश्न : सप्रेम नमस्कार. गुहागर तालुक्यातील आमच्या बागेत यंदा विहीर खणताना जांभा आणि त्याखालची चिकणमाती संपल्यावर काळा कातळ लागला. त्यातील वाटाण्याएवढ्या पोकळ्यांना आतून निळसर हिरवा लेप आहे. गावात सगळे तांबे म्हणतात. अमेरिकेत अशाच लाव्हाच्या कातळात तांब्याच्या मोठ्या खाणी होत्या, असे मुलाने वाचले आहे. मग आपल्याकडे का नाहीत?
— एक बागायतदार, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : कल्हई गेलेल्या पितळी भांड्यात ताक कळकलेले ज्यांनी पाहिले आहे आणि सुपारीवर फवारण्यासाठी ज्यांनी मोरचूद भिजवला आहे, त्यांना हिरवा रंग दिसताच तांबे आठवणे स्वाभाविक आहे. परंतु आपल्या वर्णनावरून हा लेप बहुधा सेलाडोनाइट या खनिजाचा असावा. त्याचा हिरवेपणा लोहाचा असतो आणि दख्खनच्या बेसॉल्टमधील, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या कातळातील, पोकळ्यांत तो सर्रास आढळतो.

खात्री घरीच करता येईल. लेप खरवडून त्याची पूड काचेच्या पेल्यात पांढऱ्या व्हिनेगरमध्ये रात्रभर भिजवावी आणि त्यात घासून चकचकीत केलेला लोखंडी खिळा सोडावा. मॅलाकाइट, म्हणजे तांब्याचे हिरवे कार्बोनेट असेल, तर खिळ्यावर तांबूस पापुद्रा चढेल. नुसते बुडबुडे आले तर हुरळून जाऊ नये; याच पोकळ्यांत असणारे कॅल्साइट हे चुन्याचे खनिजही फसफसते. (तो पेला पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नये.)

आता चिरंजीवांचा मुद्दा, आणि तो बिनतोड आहे. सुपीरियर सरोवरात घुसलेल्या मिशिगन राज्यातील किविनॉ द्वीपकल्पावर सुमारे ११० कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांतून जवळपास पन्नास लाख टन तांबे निघाले, आणि तेही बहुतांशी धातूच्याच रूपात. तेथील मूळ रहिवासी हजारो वर्षांपासून दगडी हातोड्यांनी ते खणून काढीत असत. राज्याचे पहिले भूवैज्ञानिक डग्लस हॉटन यांनी १८४१ मध्ये या प्रदेशावरील अहवाल सादर केला. घाईने धावून येणाऱ्यांना त्यांनी त्यातच सावध केले होते. तरी दोन वर्षांत झुंबड उडालीच. स्वतः हॉटन १८४५ मध्ये त्याच सरोवरात वादळात बुडाले. नफ्यात चाललेली पहिली खाण त्याच वर्षाची.

पुढचा शोध मला अधिक उद्बोधक वाटतो. १८४७-४८ च्या हिवाळ्यात सॅम्युएल नॅप या खाणव्यवस्थापकाला बर्फाखालच्या जमिनीत एक लांबट खोलगट भाग दिसला. तो उपसल्यावर तळाशी सुमारे सहा टनांचा तांब्याचा गोळा लाकडी ओंडक्यांच्या टेकूवर ठेवलेला आढळला. प्राचीन खणणाऱ्यांनी तो उचलून धरला होता, पण वर काढणे त्यांना जमले नव्हते. तेव्हापासून जुने खड्डे हाच तेथील शोधकांचा नकाशा झाला. पुढे हे मोठे गोळे सोडून लाव्हाच्या सच्छिद्र थरांत विखुरलेल्या बारीक तांब्यावर मुख्य उद्योग उभा राहिला आणि १९६८ च्या सुमारास तो थांबला.

कोकणातील कातळाशी त्या कातळाचे साम्य खरेच आहे : थरावर थर, माथ्याशी वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या, त्यांत झिओलाइट (कोमट पाण्यातून पोकळ्यांत जमणारी खनिजे) आणि कॅल्साइट. तांबेही आपल्या बेसॉल्टमध्ये आहे. एक टन दगडात साधारण शंभर ते दोनशे ग्रॅम. पण धातुकात, म्हणजे धातू काढणे परवडेल अशा दगडात, टनाला दहा किलोच्या आसपास तांबे असावे लागते, म्हणजे निसर्गाने ते पन्नास ते शंभर पटींनी एकवटलेले हवे. किविनॉत लाव्हाचा कित्येक किलोमीटर जाडीचा ढीग खचत गेला, त्यावर गाळ साचला, तळाचे थर तापले, त्यांतील उष्ण पाण्याने तांबे विरघळवून भेगांवाटे वर आणले आणि सच्छिद्र थरांत सोडले. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीची आपली लाव्हा सह्याद्रीत दोन किलोमीटरच्या आसपास जाड आहे आणि तिच्यावर तसे दडपण कधी पडलेच नाही. तिच्यातून फिरलेले पाणी झिओलाइट घडवण्याइतकेच कोमट राहिले. त्यामुळे दख्खनमध्ये धातुरूप तांब्याचे तुकडे क्वचित सापडतात, साठे नाहीत.

महाराष्ट्रात तांब्यासाठी पद्धतशीर शोध झाला तो बेसॉल्टच्या बाहेर, चंद्रपूर जिल्ह्यातील ठाणेवासना येथे, जुन्या ग्रॅनाइटमधील क्वार्ट्झच्या (गारेच्या) शिरांत. गोंदियापलीकडे बालाघाट जिल्ह्यातील मलाजखंडची खाणही तशाच खडकात आहे.

खिळा तांबूस झालाच, तर कातळाचा मुठीएवढा, न धुतलेला तुकडा आणि तो किती खोलीवर लागला याची नोंद जपून ठेवावी व राज्याच्या भूविज्ञान आणि खनिकर्म संचालनालयाला कळवावे. तोवर विहिरीचे काम थांबवण्याचे कारण नाही. पोकळ्यांचा कातळ पाण्याला बरा असतो.