टाकलेली टाइल मागताना

अमेरिकन माहजाँग हा चौघींनी टाइल्सने खेळायचा खेळ खेळणाऱ्यांच्या पत्रांत टाकलेल्या टाइलवरचे वाद सर्वाधिक असतात. 1937 साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेल्या नॅशनल माहजाँग लीगच्या नियमांना धरून ही उत्तरे.

प्रश्न: माझ्याकडे एक फ्लॉवर (फुलाची टाइल) होता. समोरचीने दुसरा टाकला, मी जोडीसाठी मागितला, तर सगळ्यांनी अडवले. का?

उत्तर: त्यांचे बरोबर आहे. टाकलेली टाइल तीन किंवा जास्त सारख्या टाइल्सचा संच उघडा मांडण्यासाठीच घेता येते. जोडीसाठी किंवा सुटी टाइल हवी असेल, तर तिनेच माहजाँग, म्हणजे हात पूर्ण होऊन जिंकणे, व्हायला हवा. लीगच्या कार्डावर, म्हणजे जिंकायच्या हातांच्या यादीवर, ‘सी’ छापलेल्या बंद हातालाही (ज्यात संच उघडा मांडता येत नाही) तोच नियम. आणि कोणी जोकर (संचात दुसऱ्या टाइलच्या जागी चालणारी टाइल) टाकला, तर तो कुणालाच मागता येत नाही.

प्रश्न: मी ‘थांबा’ म्हणेपर्यंत पुढचीने भिंतीतून (पालथ्या टाइल्सच्या रांगेतून) टाइल उचलली होती. माझा हक्क गेला का?

उत्तर: नुसती उचलल्याने जात नाही. तिने ती रॅकवर (आपल्या टाइल्स मांडायच्या पट्टीवर) ठेवली किंवा पुढची टाइल टाकली, की गेला. समजा, टाकणारी ‘फोर बॅम’ (बांबूची चार नंबरची टाइल) म्हणाली, पुढचीच्या बोटांत नवी टाइल आहे आणि तेवढ्यात तुम्ही बोललात, तर फोर बॅम तुमची. नवी टाइल भिंतीत परत जाते. म्हणूनच काही जणी उचलताक्षणी टाइल रॅकवर आपटतात. नियमात ते बसते, पण मला ते मुळीच पटत नाही. नवशिकीला हातातल्या टाइल्स आणि कार्ड दोन्ही बघायचे असते, तिला क्षणभर तरी द्या. तुम्हीही ‘अं... बघू’ करत ताटकळत ठेवू नका. हवी असेल तर लगेच, मोठ्याने बोला. टाकणारीनेही नाव पुटपुटू नये.

प्रश्न: दोघींनी एकदम एकच टाइल मागितली तर?

उत्तर: जिचा माहजाँग होतोय, तिला. दोघींनाही संचासाठी हवी असेल किंवा दोघींचाही माहजाँग होत असेल, तर टाकणारीच्या उजवीकडून जिची पाळी आधी येते तिला. आवाज कुणाचा मोठा, याला किंमत नाही.

प्रश्न: मागितल्यावर विचार बदलला तर?

उत्तर: ती टाइल रॅकवर ठेवली नसेल आणि स्वतःच्या टाइल्स उघड्या केल्या नसतील, तर सोडता येते. एकदा मांडलात की बांधलात. मात्र आपली टाइल टाकेपर्यंत त्या संचात एखादा जोकर कमी-जास्त करता येतो. पण वारंवार मागून सोडू नका. खेळ रेंगाळतो, शिवाय तुमचा हात कुठल्या टाइल्सवर अडलाय, हे तिघींना फुकट कळते.