चोवीस पॉइंट पाच की चोवीस पॉइंट पंधरा?

प्रिय पोरी,

परवा फोनवर ‘सर, मी त्या कमिटीत आलो की!’ म्हणालीस आणि हसू आलं. चार वर्षं पुण्यात काढूनही तुझं ‘मी आलो’ सुटलेलं नाही, म्हणजे कोल्हापूर शाबूत आहे. अंगणवाडीपासून नोकरीपर्यंत, सगळ्या राज्याचा शिक्षण आराखडा लिहिणारी कमिटी, आणि सुरुवात कुठून करू असं मला विचारतेस. मी रंकाळ्यावर फिरत होतो, वारा होता, धड बोलता आलं नाही. आता बसून लिहितो.

रिटायर झाल्यापासून आठवड्यातले दोन दिवस मी एका आयटीआयमध्ये गणित शिकवायला जातो. गेल्या महिन्यात टर्नरच्या, म्हणजे लेथकाम शिकणाऱ्या पोरांना विचारलं, २४.५ मोठं की २४.१५? अर्ध्याहून जास्त हात २४.१५ ला वर. कारण पाचापेक्षा पंधरा मोठे! ही पोरं दहावी पास आहेत बरं का. हातात बारीक मापं घ्यायचं वर्निअर, त्याचं लघुत्तम माप ०.०२ मिलिमीटर, आणि दशांश चिन्हापुढचं घर कशाचं हे माहीत नाही. निदेशक बिचारे पहिले दोन महिने पाचवी-सहावीचंच गणित घेतात. ड्रॉइंगवर ०.०५ ची सूट, म्हणजे माप तेवढंच इकडंतिकडं चालेल, असं लिहिलेलं असतं. ती सूट न कळणाऱ्या पोराला शिरोलीच्या कारखान्यात कोण लेथवर उभं करेल?

तू उद्यमनगरात, कारखान्यांच्या शेजारी वाढलीस, तुला ब्लो होल सांगायला नको. कास्टिंग, म्हणजे साच्यात ओतलेला भाग, वरून चकाचक दिसतं, मशीन शॉपमध्ये पहिला कट घेतला की आत पोकळी निघते. शिव्या खातो मशीनवाला. पण पोकळी झाली ती ओतकामाच्या वेळी, वाळूत ओल राहिली किंवा वायूला वाट मिळाली नाही म्हणून. पाचवीतली पोकळी आयटीआयमध्ये दिसते, तेव्हा आपण आयटीआयच्या सुधारणेचा जीआर काढतो.

म्हणून माझा सल्ला एवढाच, की इयत्तांचे धडे पाडून आराखडा लिहू नकोस. पोरगं एका खात्याच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जातं ते सांधे धर. अंगणवाडी महिला व बालविकासकडे, शाळा शालेय शिक्षणकडे, आयटीआय कौशल्य विभागाकडे, कॉलेज उच्च व तंत्रशिक्षणकडे. प्रत्येक जण आपल्या ताब्यातली डोकी मोजतो. मधल्या उंबऱ्यावर कोण अडखळलं हे कुणाच्याच तक्त्यात येत नाही.

पहिला सांधा बघ. करवीर तालुक्यातल्या एका गावात शाळा आणि अंगणवाडी एकाच आवारात आहेत, मध्ये एक जास्वंदीचं झाड. सेविकाबाईंना सगळं ठाऊक : कोणतं पोर अजून ‘र’ला ‘ल’ म्हणतं, कोणाला डाव्या कानानं कमी ऐकू येतं, कोणाची आई भांगलणीला गेली की धाकट्याला सांभाळायला थोरली घरी राहते. जूनमध्ये तेच पोर वीस पावलं चालून पहिलीत बसतं आणि तिथल्या गुरुजींना त्यातलं काहीही माहीत नसतं. सेविकेची वही पर्यवेक्षिकेकडे जाते, गुरुजींची माहिती केंद्रप्रमुखाकडे. वीस पावलांचं अंतर तोडायला कागदाला मंत्रालयापर्यंत जावं लागतं. मी त्या दोघांना मे महिन्यात एका दुपारी चहाला बसवलं, पोरामागे एक पान लिहून घेतलं. दीड तास लागला. खर्च म्हणजे चहा आणि पाव किलो शेव.

एकात्मिक बालविकास योजना १९७५ ची, शिक्षण हक्क कायदा २००९ चा. कायद्याची सक्ती ६ ते १४ वयाला. तीन ते सहासाठी सरकारने सोय ‘करावी’ असं नाही, ‘करता येईल’ असं आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने अंगणवाडीची तीन वर्षं आणि पहिली-दुसरी एका पायरीत बसवली, कागदावर झकास. पण त्या पायरीचे मालक अजून दोन आहेत.

चौदाच्या पुढं तर आणखी गंमत, तिथं सक्तीच संपते. मग शिकून पुढं काय, याची दारं कोण उघडणार? आपल्याकडे शाहू महाराजांचा १९१७ चा सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम सगळे सांगतात, पोर शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड, वगैरे. तू क्रम बघ. वसतिगृह १९०१ ला, नोकऱ्यांतल्या निम्म्या जागा राखून ठेवल्या १९०२ ला, सूतगिरणी १९०६ ला, आणि सक्ती त्यानंतर. खेड्यातलं पोर शिकून शहरात येईल तर राहील कुठं, आणि शिकून करेल काय, ही दारं आधी उघडली. माझ्या मते तुझ्या कमिटीतल्या प्रत्येकाने दसरा चौकात महाराजांच्या पुतळ्यापाशी उभं राहून एवढा क्रम पाठ करावा.

आता माझी चूक सांगतो. एका तालुक्याच्या नियोजनात मी आठवी पुरी केलेल्यांची आणि नववीत आलेल्यांची संख्या जुळवली. जवळजवळ सारखी. ‘गळती नगण्य’ असं लिहून मोकळा झालो. पुढं एका मुख्याध्यापिकेने नावं वाचून दाखवली तेव्हा घाम फुटला. धनगरवाड्यावरच्या मुली थांबल्या होत्या आणि त्यांच्या जागी बाहेरून आलेली मुलं भरली होती. आकडा तोच, माणसं वेगळी. मुलींना एसटीचा पास फुकट असतो गं, पण वाड्यावर एसटीच येत नाही. ऊसतोडीला येणाऱ्यांचंही तेच. दिवाळीनंतर कारखान्याच्या तळावर खोपीत राहणारं पोर बीडच्या शाळेच्या पटावर असतं. त्यामुळे नुसती संख्या मागू नकोस, एकच पोर पाच वर्षं कुठं कुठं होतं ते माग.

कारखानदार भेटतील. ‘पोरं मिळत नाहीत’ म्हणतील, त्यांचं ऐक, पण त्यांच्या हातात पेन देऊ नकोस. त्यांना यंदाची माणसं हवी असतात. आज अंगणवाडीत आलेलं तीन वर्षांचं पोर पंधरा वर्षांनी कामाला लागेल. तोवर गाड्या विजेवर गेल्या तर इंजिनाची किती कास्टिंग लागतील? त्यांच्याकडून अप्रेंटिसच्या जागा माग, नीट शिकवणारा वस्ताद माग. कायदा १९६१ पासून आहे, पण पुष्कळ ठिकाणी अप्रेंटिस म्हणजे स्वस्त हेल्पर.

आणि मसुद्यात ‘समन्वय’ हा शब्द दिसला की लाल पेन काढ. ज्या कामाला कुणी वाली नसतो तिथं हा शब्द येतो. त्या जागी पद लिही, तारीख लिही, लेखाशीर्ष (पैसा बजेटच्या कुठल्या खात्यातून येणार ते) लिही. सचिव बदलतात, लेखाशीर्ष सहसा राहतं. एक नवं रजिस्टर मागितलंस तर दोन जुनी बंद कर, नाहीतर ते पहिलीच्या वर्गातला तास खाऊन भरलं जाईल.

पहिलं प्रकरण लिहिण्याआधी इकडं एक चक्कर मार. शनिवारी सकाळची शाळा असते, म्हणून शुक्रवारी रात्रीच ये. सेविकाबाईंना सांगून ठेवलंय. त्या म्हणाल्या, ‘पुण्याच्या मॅडमना म्हणावं, जमिनीवर बसायची तयारी ठेवा.’

तुझा,
सर