आधी विहिरी मोज

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा फोन आल्यापासून तुझ्या कामाचाच विचार डोक्यात आहे. पहिलीच नोकरी आणि पहिलाच पर्यावरण परिणाम अहवाल, तोही भूमिगत कोळसा खाणीच्या विस्ताराचा. "काका, नवी खाण नाहीये, फक्त विस्तार आहे, म्हणजे परिणाम फारसे नसतील ना?" असं तू विचारलंस. फोनवर मला नीट सांगता आलं नाही, म्हणून हे पत्र.

विस्तार या शब्दाला भुलू नकोस. चानक, म्हणजे खाणीत उतरायची वाट, तेच, हवेचा पंखा तोच, कोळसा भरायची सायडिंग तीच, त्यामुळे कागदावर काम लहान दिसतं. पण खाली नवी पॅनेल, म्हणजे कोळसा काढायला आखलेले पट्टे, पडतात आणि त्यांच्या वर कुणाचं तरी वावर असतं. त्या माणसासाठी ती नवीच खाण. शिवाय जुन्या पॅनेलांनी जेवढं पाणी ओढलं, जेवढी जमीन बसवली, त्यात ही भर पडते. अहवालात वाढीव भागापुरतेच आकडे देण्याची रीत पडली आहे. तू जुनं-नवं एकत्र मांड, वरिष्ठांनी कुरकुर केली तरी.

खाली काय घडतं ते एकदा डोळ्यांसमोर आण. आधी गॅलऱ्या काढतात, मधले कोळशाचे खांब छत तोलून धरतात. तोवर वर काही जाणवत नाही. मग डिपिलरिंग सुरू होतं, म्हणजे खांब काढत मागे यायचं आणि छत पडू द्यायचं. छत पडलेल्या त्या भागाला गोफ म्हणतात. तिथून भेगा वर चढतात, कोळशाच्या थराच्या जाडीच्या कित्येक पट उंच. आपल्या वर्धा खोऱ्यात कोळसा बराकर नावाच्या खडकथरात आहे आणि त्याच्यावर कामठी नावाचा वालुकाश्म. याच वालुकाश्मात पाणी साठतं आणि त्या पट्ट्यातल्या किती तरी विहिरी, बोअरवेल त्यावरच चालतात. भेगा तिथवर पोचल्या की विहिरीचं पाणी गोफात उतरतं, खाणीचे पंप ते उपसून नाल्यात सोडतात. भर उन्हाळ्यात नाला वाहतो आणि शेजारची विहीर कोरडी.

हे पाणी वाया जायलाच हवं असं नाही. नागपूरजवळच्या पाटणसावंगीच्या खाणीतलं पाणी शुद्ध करून 'कोल नीर' नावाने बाटल्यांत भरलं गेलं. पण 'खाणीचं पाणी गावाला देण्यात येईल' एवढंच वाक्य लिहून मोकळी होऊ नकोस. कोणतं गाव, कुठून पाइपलाइन, आणि खाण बंद होऊन पंप थांबल्यावर काय, हेही लिही.

आता माझी एक चूक सांगतो. नोकरीच्या चौथ्या वर्षी अशाच एका अहवालातलं पाण्याचं प्रकरण मी लिहिलं. एका हंगामाचे नमुने, दहा किलोमीटरच्या परिघातल्या मोजक्या विहिरी, नियमाला धरून सगळं बरोबर. पॅनेलच्या नेमक्या वर येणाऱ्या वावरांतल्या विहिरी मात्र मोजल्या नाहीत. तीन वर्षांनी त्या भागात गेलो, तेव्हा एक म्हातारे शेतकरी मला धुऱ्याधुऱ्याने त्यांच्या विहिरीपाशी घेऊन गेले. तळाला ओला गाळ, त्यात अर्धवट रुतलेला मोटरीच्या पाइपाचा फूटव्हॉल्व्ह. म्हणाले, "मे मयन्यातही मोटर चार घंटे चाले, साहेब." ते खरं सांगत होते. पण मोटर चार तास चालत होती हे दाखवणारा एकही कागद कुठे नव्हता. पाऊस कमी झाला हे कारण लावून त्यांचा अर्ज निकाली काढला गेला. तो कागद करणं माझं काम होतं आणि मी ते केलं नव्हतं. याचं दुःख मला आजही आहे.

म्हणून आधी विहिरी मोज. पावसाळा सोडून एका हंगामाची माहिती अहवालाला चालते, तरी मे आणि नोव्हेंबर, दोन्ही वेळा जा. पॅनेलचा नकाशा गावनकाशावर ठेव आणि त्यात व त्याच्या कडेला येणारी एकेक विहीर, एकेक बोअर गट नंबरासकट यादीत घे. काठावर ऑइलपेंटची खूण कर, दर वेळी त्याच खुणेपासून मोज. मोटर किती तास चालते ते विचारून लिहून घे आणि नोंदीची एक प्रत शेतकऱ्याच्या हातात दे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींच्या जुन्या नोंदीही काढ. पाऊस कमी झालेल्या वर्षी पातळी एरवी किती खाली जायची, ते त्यातून कळतं.

जमिनीच्या भेगांबाबत तुला फसवलं जाईल. कपाशीची काळी जमीन उन्हाळ्यात तशीही फाटते, त्यामुळे सगळ्याच भेगा उन्हाच्या असं सांगणारे भेटतील. उन्हाच्या भेगा जाळीसारख्या, वावरभर पसरलेल्या असतात आणि दोन चांगल्या पावसांत मिटतात. खाणीची भेग पॅनेलच्या कडेने लांब सरळ जाते, धुरा ओलांडते, बऱ्याचदा तिची एक बाजू दुसरीपेक्षा खाली बसलेली असते. पावसाचं पाणी ती गिळत राहते. वाकून बघ, पायरी हाताला लागते. आणि मधली जमीन बशीसारखी बसली की तिथे पाणी साचून तूर जळते. हे नुकसान तर कुणी खाणीच्या खात्यात धरतच नाही.

भूमिगत खाणीसाठी १९५७च्या कोळसा क्षेत्र कायद्याखाली फक्त खननाचे हक्कही घेता येतात. मग सातबारा शेतकऱ्याच्याच नावावर राहतो आणि नुकसान सिद्ध करण्याचा भारही व्यवहारात त्याच्याच डोक्यावर येतो. तुझी यादी त्याला तिथे उपयोगी पडेल.

खाण बंद झाली म्हणजे जमीन शांत झाली असंही धरू नकोस. २०२२च्या ऑगस्टमध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घुसच्या आमराई वॉर्डात एक अख्खं घर बघता बघता जमिनीत गेलं. खाली जुनी, कधीच बंद पडलेली भूमिगत खाण होती. घरातली माणसं वेळेवर बाहेर पडली म्हणून वाचली. तुझ्या विस्ताराच्या शेजारी जुनी खोदकामं असतील तर त्यांचे नकाशे हट्टाने माग.

गोफात वाळू भरली तर जमीन फार कमी बसते. उपाय चांगला आहे, पण वाळू कन्हानसारख्या नदीतूनच यायची, म्हणजे एका गावचं दुखणं दुसऱ्या गावाला. वीज केंद्राची राख भरायची म्हटली तर तिच्यातून पाण्यात काय उतरतं ते आधी तपासावं लागतं. धूळ, ट्रक आणि पंख्यातून बाहेर जाणारा मिथेन यांची प्रकरणं तुझे सहकारी लिहितीलच.

खुल्या खाणीपेक्षा भूमिगत बरी, हे मीही मानतो. चंद्रपूर-वणी पट्ट्यातले मातीचे डोंगर बघितलेल्या कुणालाही ते पटेल. पण ही तुलना करून विहिरीचा प्रश्न सुटत नाही.

जनसुनावणी होणार का ते लवकर विचारून घे. काही विस्तारांना तीतून सूट मिळते. होणार असेल तर ३० दिवसांची नोटीस निघते आणि अहवालाचा सारांश मराठीत द्यावा लागतो. तो सारांश तू स्वतः लिही. "भूपृष्ठीय अवतलन नगण्य राहील" असलं भाषांतर गावात कुणाला कळणार? कोणत्या गटातली जमीन किती बसेल आणि कुणाच्या विहिरीला धोका आहे, ते साध्या शब्दांत लिही. लोक चिडतील, प्रश्न विचारतील. त्यांना कळलं म्हणूनच विचारतील.

तुझा,
काका

ता. क. : टेपच्या शेवटच्या मीटरभर भागाला खडू घासून मग तो विहिरीत सोड. ओली रेघ स्पष्ट दिसते, अंदाज करावा लागत नाही. मोजायला पहाटे जा, मोटरी सुरू व्हायच्या आधी.