पोटातले जंत आपोआप तयार होतात असं शास्त्रज्ञ कधीपर्यंत मानत होते?

१९व्या शतकाच्या मध्यापर्यंत बरेच जण मानत होते, आणि ते काही अडाणी नव्हते. झाकून ठेवलेल्या मांसात अळ्या पडत नाहीत, त्या माश्यांच्या अंड्यांतून येतात, हे इटलीच्या फ्रान्चेस्को रेडीने १६६८ मध्येच दाखवलं होतं. पण पट्टकृमी (आतड्यात राहणारे फितीसारखे लांब जंत) शरीराबाहेर जिवंत फिरताना कोणालाच सापडत नव्हते. मग ते आत शिरतात कुठून? जंतांची मोठी सूची करणारा कार्ल रुडोल्फीसुद्धा ते शरीरातच उपजतात, याच मताचा. तेव्हाची माहिती पाहता मला हे मत मूर्खपणाचं वाटत नाही.

खरी गोम अशी की एकाच जंताची दोन रूपं दोन वेगळ्या प्राण्यांत राहतात आणि ती एकमेकांसारखी अजिबात दिसत नाहीत. डुकराच्या मांसात पाण्याने भरलेल्या बारीक पुटकुळ्या सापडत. त्यांना स्वतंत्र प्राणी समजून वेगळं नावही दिलेलं होतं. काही प्राणी पिढीआड रूप बदलतात, हे डेन्मार्कच्या स्टीनस्ट्रुपने १८४२ मध्ये मांडलं, तेव्हा कुठे लोक योग्य दिशेने शोधू लागले.

निर्णायक प्रयोग जर्मन डॉक्टर फ्रीड्रिख क्युखेनमायस्टरचे. ही पुटकुळी म्हणजे वाट चुकून बिघडलेला जंत, असं तेव्हाचे मोठे तज्ज्ञ झीबोल्ड म्हणत. क्युखेनमायस्टर धार्मिक माणूस. निर्माता असला निरर्थक जीव घडवणारच नाही, म्हणजे पुटकुळी ही जंताच्या वाढीतली एक अवस्थाच असणार, असं त्याचं म्हणणं. (कारण धार्मिक, निष्कर्ष मात्र बरोबर!) सशातल्या पुटकुळ्या त्याने मांसाहारी प्राण्यांना खायला घातल्या, त्यांच्या आतड्यांत पट्टकृमी वाढले. मग १८५०च्या दशकात त्याने मृत्युदंड झालेल्या कैद्याला डुकरातल्या पुटकुळ्या अन्नातून, त्याला न सांगता, दिल्या आणि शिक्षेनंतर आतडी तपासली. छोटे पट्टकृमी भिंतीला चिकटलेले होते. आज कोणतीही समिती याला परवानगी देणार नाही, आणि देऊही नये. पण वाद मिटला तो यानेच.

यानंतर परोपजीवीशास्त्राची (दुसऱ्या जिवाच्या शरीरावर जगणाऱ्या जीवांच्या अभ्यासाची) गाडी वेगाने धावली. हत्तीरोगाचे सूक्ष्म कृमी डासात वाढतात, हे ब्रिटिश डॉक्टर पॅट्रिक मॅन्सनने चीनमध्ये १८७७ मध्ये पाहिलं. मात्र डास पाण्यात मरतो आणि ते पाणी प्यायल्याने रोग होतो, असा त्याचा समज होता. कृमी डासाच्या सोंडेतून येतात, हे लो नावाच्या ब्रिटिश डॉक्टरने १९०० मध्ये दाखवलं. त्याआधी १८९७ मध्ये सिकंदराबादला रोनाल्ड रॉसला डासाच्या जठराच्या भिंतीत हिवतापाचे परोपजीवी सापडले होते.

मला सगळ्यात आवडतो तो कैरोतल्या आर्थर लूसचा किस्सा. अंकुशकृमींच्या (आतड्याला चिकटून रक्त पिणाऱ्या जंतांच्या) अळ्या असलेलं पाणी त्याच्या हातावर सांडलं, तिथे खाज सुटली, आणि काही आठवड्यांनी त्याच्याच शौचात या कृमींची अंडी निघाली. अळ्या कातडीतूनच आत गेल्या होत्या. अंकुशकृमी टाळण्यासाठी पायात चपला-बूट घालायला सांगतात, ते याचमुळे.